शिक्षक आणि जननशील कृत्रिम बुद्धिमत्ता (जव्हार-मोखाडा)

मागणी करताच मजकूर, चित्र अथवा उत्तर रचून देणाऱ्या संगणकीय प्रणालींना अध्यापनात कितपत शिरकाव द्यावा, यासंबंधीची शिक्षकवर्गाची भूमिका. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांस खुले झाल्यावर या प्रश्नाला जगभर तोंड फुटले. युनेस्कोच्या सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेने वर्गातील वापरासाठी किमान १३ वर्षे वयाची मर्यादा सुचविली. ती मानली, तर प्राथमिक शाळेत हे साधन गुरुजींच्याच हाती राहते.

शिक्षकांचा कल सामान्यतः दुहेरी असतो : टाचणे, प्रश्नपत्रिका व अहवाल यांच्या कारकुनीतून सुटका होईल म्हणून स्वागत, आणि विद्यार्थी आयते उत्तर उतरवील, शिवाय यंत्र चुकीची गोष्टही बेधडक सांगेल, म्हणून धास्ती.

पूर्वाश्रमीच्या संस्थानाचे ठाणे असलेले जव्हार आणि त्यास लागून असलेला मोखाडा या पालघर जिल्ह्यातील डोंगराळ तालुक्यांत मात्र मामला निराळा आहे. एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकास ‘नागलीची लावणी’ या एकाच विषयावर पहिलीसाठी चित्रवर्णन, तिसरीसाठी छोटा उतारा आणि चौथीसाठी पायली-शेराची उदाहरणे घटकाभरात मिळत असतील, तर तो लाभ क्षुल्लक नव्हे. अर्थात मोबाइलला रेंज असेल त्या दिवशी. अडचण आहे ती भाषेची. घरी वारली, कोकणा वा कातकरी बोलणाऱ्या मुलास प्रमाण मराठी हीच मुळात शाळेत भेटणारी भाषा. यंत्र घडले ते उपलब्ध लिखित मजकुरावर, आणि या बोलींत असा मजकूर अत्यल्प. कॉपीच्या भीतीचीच चर्चा फार होते. येथे तिच्याहून भाषेचा हा दोष अधिक गंभीर मानावा लागतो.

याच जिल्ह्यातील कोसबाड येथे १९५७ पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या परिसरातील वस्तूंतूनच शिक्षणसाहित्य घडविले आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. त्या कसोटीस लावता यंत्राचा मसुदा कच्चा माल ठरतो. त्यात बोली व परिसर शिक्षकानेच भरावयाचा. त्यासाठी लागणारी फुरसत यंत्र मिळवून देईल, अशी अपेक्षा आहे खरी. परंतु जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका ही कामे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ अन्वये आजही शिक्षकाकडून करवून घेता येतात.