मोबाइलच्या पडद्यावर मुक्त ‘ऑफिस’

पालघर : सागरी, नागरी आणि डोंगरी असे वर्णन होणाऱ्या या जिल्ह्यात अर्ज, ठराव आणि हजेरीचे तक्ते तयार होतात संगणकावर; वाचले जातात ते मात्र बहुधा मोबाइलवर. तारापूर औद्योगिक वसाहतीतील कामगार बोईसरहून सुटलेल्या लोकलमध्ये पाळीचा तक्ता उघडतो, तर मोखाड्यातील ग्रामपंचायत कर्मचाऱ्याला रेंज नसलेल्या पाड्यावर ठरावाचा मसुदा दुरुस्त करावा लागतो. अशा वापरासाठी मुक्त स्रोत ऑफिस संचाचे मोबाइल रूप कसे घडविले जाते, हा केवळ तंत्रज्ञांच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही.

या संचाचे मूळ जर्मनीतील ‘स्टारऑफिस’मध्ये आहे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ मध्ये ते विकत घेतले आणि २००० मध्ये त्याची आज्ञावली खुली केली. त्यातून ‘ओपनऑफिस’ आणि २०१० मध्ये त्याची शाखा ‘लिबरऑफिस’ जन्मास आली. भारतीय भाषांसाठी सी-डॅकने ‘भारतीय ओपनऑफिस’ सिद्ध केले. केंद्र सरकारने २००५ पासून भाषावार मोफत सीडी वाटल्या, त्यांत ते होते. तो काळ टेबलावरच्या संगणकाचा होता. एमएस-सीआयटीच्या वर्गात बसलेल्या पिढीची बोटे आजही पडद्याच्या वरच्या कडेला ‘फाइल’ आणि ‘एडिट’ शोधतात. मोबाइलवर हीच सवय अडचणीची ठरते.

अडचण साध्या अंकगणिताची आहे. अँड्रॉइडच्या संकेतानुसार बोटाने दाबावयाचे बटण किमान ४८ एकक रुंद असावे. नेहमीच्या मोबाइलची रुंदी सुमारे ३६० एकक. म्हणजे एका ओळीत फार तर सात बटणे मावतात. संगणकावरील पट्टीत ती चाळीसच्या घरात असतात. त्यातच कीबोर्ड उघडला की पडद्याचा जवळजवळ अर्धा भाग जातो. ‘ए-फोर’ कागद २१० मिलिमीटर रुंद, मोबाइलचा पडदा जेमतेम ७०. पूर्ण पान दाखवायचे तर बारा पॉइंटचे अक्षर चार पॉइंटचे होते. इंग्रजी अक्षर या आकारात कसेबसे लागते. मराठीत मात्र अनुस्वार, रफार आणि उकार नाहीसे होतात.

संगणकावरील मांडणी जशीच्या तशी मोबाइलवर उतरविण्याचे प्रयोग झाले. ‘अँड्रओपन ऑफिस’ हे त्याचे उदाहरण. सुविधा सगळ्या, पण बटण दाबण्यासाठी सुईच्या टोकाचे बोट हवे! लिबरऑफिसने मे २०१५ मध्ये अँड्रॉइडसाठी ‘व्ह्यूअर’ आणला. त्यात संपादनाची सोय केवळ प्रायोगिक होती. फेब्रुवारी २०२० मध्ये लिबरऑफिसवरच आधारित ‘कोलॅबोरा ऑफिस’ अँड्रॉइड आणि आयफोनसाठी मोफत उपलब्ध झाले आणि मांडणीचा खरा विचार त्यात दिसतो.

तेथे पडद्यामागचे इंजिन तेच ठेवून दर्शनी भाग वेगळा रचला गेला. इंजिन कागदपत्राची चित्रे छोट्या चौकोनी फरशांच्या रूपात काढते आणि दिसणाऱ्या भागापुरत्याच फरशा पडद्यावर येतात. नकाशे सरकतात तशी ही पद्धत आहे. किंबहुना सुरुवातीला यासाठी ‘लीफलेट’ हे नकाशांसाठीचेच साधन वापरले गेले. फाइल उघडते ती वाचण्यासाठी. पेन्सिलीचे चिन्ह दाबल्याशिवाय संपादन सुरू होत नाही, त्यामुळे लोकलच्या धक्क्याने एखादा आकडा बदलण्याची भीती उरत नाही. रंग, परिच्छेद, टंक यांचे पर्याय खालून वर सरकणाऱ्या पटात येतात, कारण अंगठा तेथे सहज पोहोचतो. इंजिन मोबाइलमध्येच असल्याने इंटरनेट नसतानाही काम होते. मोखाड्याच्या पाड्यावर याच गुणाला सर्वाधिक मोल आहे. मोठ्या तक्त्यांचे दुखणे मात्र कायम आहे : शीर्षकाची ओळ आणि नावांचा स्तंभ गोठविला की आकड्यांसाठी खिडकीएवढी जागा उरते.

मराठीपुरता एक लाभ सहसा नजरेत येत नाही. सातपाटीचा ‘दर्या’ आणि जव्हारच्या ‘दऱ्या’ यांतील भेद एका अर्ध्या रकारावर तोललेला आहे. अशी जोडाक्षरे जुळविण्यासाठी लिबरऑफिसने फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर ‘हार्फबझ’ हे एकच साधन स्वीकारले. इंजिन समान असल्याने संगणकावरील ‘दऱ्या’ मोबाइलवर ‘दर्या’ होत नाहीत. मात्र संगणकावर वापरलेला टंक मोबाइलमध्ये नसेल तर त्याऐवजी दुसरा बसतो, ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तिसऱ्या पानावर जातो. बटणांवरील शब्दांचाही प्रश्न आहेच. ‘सेव्ह’च्या जागेत ‘जतन करा’ मावत नाही; मग भाषांतर तोडायचे की शब्दाऐवजी केवळ चिन्ह ठेवायचे? चिन्हाचा मार्ग सोपा खरा, पण फ्लॉपीचे चित्र फ्लॉपी न पाहिलेल्या तरुणाला काय सांगणार!

याउपर एक अडचण मोबाइलच्या मांडणीने सुटणारी नाही. युनिकोडपूर्वीच्या ‘श्री-लिपी’ किंवा ‘डीव्हीबी-टीटी सुरेख’सारख्या टंकांत टाइप केलेला मजकूर मोबाइलवर रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उमटतो, कारण फाइलमध्ये मुळात देवनागरीचे संकेतांक नसतातच. अशी फाइल पाठविण्यापूर्वी संगणकावरच युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते. केवळ वाचण्यासाठी पाठवायची असेल, तर टंकासह तयार केलेली पीडीएफ पुरते.