रम बेटावरील हरणांची हिवाळी शिकार

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, हेब्रिडीज द्वीपसमूहात, रम नावाचे सुमारे 105 चौरस किलोमीटरचे डोंगराळ बेट आहे. मॅलेग बंदरातून बोटीने तिथे जावे लागते आणि हिवाळ्यात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. अस्किव्हल हे तिथले सर्वोच्च शिखर 812 मीटर उंच आहे. 2011 च्या जनगणनेत बेटावर 22 माणसे होती. तांबडी हरणे मात्र शेकड्यांनी आहेत. माणसे इतकी थोडी आणि हरणे इतकी पुष्कळ का, याचे उत्तर हरणांच्या शिकारीच्या इतिहासात सापडते.

या बेटावरची शिकार फार जुनी आहे. डोनाल्ड मन्रो या धर्माधिकाऱ्याने 1549 मध्ये हेब्रिडीजचे वर्णन लिहिले. रमवर हरणांना हाकून त्यांची शिकार कशी केली जाई, हे त्याने नोंदवले आहे. हरणे हाकण्यासाठी बांधलेल्या दगडी भिंतींच्या सापळ्यांचे अवशेष बेटावर अजून उभे आहेत. मुख्य भूमीवरही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चाले. 1563 मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीसाठी ॲथॉलच्या डोंगरांत सुमारे दोन हजार हाकारे लावून रान उठवले गेले आणि एका शिकारीत 360 हरणे व पाच लांडगे पडले, अशी नोंद आहे. एकट्या माणसाने दबत, सरपटत जाऊन एकच जनावर टिपण्याची पद्धत राजेरजवाड्यांत तेव्हा रूढ नव्हती. रमवर तर पुढे हरणेच उरली नाहीत. बेटावरील झाडी तुटली, आसरा गेला आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस मूळची हरणे नष्ट झाली.

त्यानंतर पाळी माणसांची आली. 1826 मध्ये रमवरील सुमारे तीनशे रहिवाशांना जहाजांत बसवून कॅनडातील केप ब्रेटनकडे पाठवण्यात आले. उरलेसुरले 1828 मध्ये गेले. बेट एका मोठ्या मेंढपाळ कुळाला देण्यात आले आणि हजारो मेंढरे तिथे सोडली गेली. किलमोरी, हॅरिस या वस्त्यांतील घरांच्या भिंती आणि शेतीचे उंच वाफे गवताखाली आजही ओळखू येतात. ‘निर्जन, अस्पर्श निसर्ग’ असे रमचे वर्णन प्रवासपुस्तकांत आढळते. हा निर्जनपणा हुकुमाने घडवलेला आहे, हे त्या वर्णनात येत नाही, आणि ते यायला हवे.

मेंढरांचा धंदाही फार दिवस किफायतशीर राहिला नाही. 1845 मध्ये सॉल्झबरीच्या मार्क्विसने रम विकत घेतले ते शिकारीसाठी. त्याने बाहेरून हरणे आणून बेटावर पुन्हा सोडली. म्हणजे आज रमच्या डोंगरांवर दिसणारे कळप मूळच्या हरणांचे वंशज नाहीत. ती शिकारीच्या हौसेने वसवलेली प्रजा आहे.

हौसेची ही लाट तेव्हा सगळ्या हायलँड्सवर पसरत होती. विल्यम स्क्रोप याच्या हरणांच्या शिकारीवरील पुस्तकाने 1838 च्या सुमारास वाचकांना वेड लावले. व्हिक्टोरिया राणी आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी 1848 मध्ये बाल्मोरल भाड्याने घेतले व 1852 मध्ये ते विकत घेतले. एडविन लँडसीअर याने 1851 मध्ये शिंगे उभारून उभ्या असलेल्या नराचे प्रसिद्ध चित्र रंगवले. रेल्वे आली, दूरवर नेम धरणाऱ्या बंदुका आल्या, आणि लोकरीचे भाव पडल्यावर जमीनदारांना शिकारी भाडेकरू जास्त पैसे देऊ लागले. 1912 पर्यंत 35 लाख एकरांहून अधिक जमीन ‘हरणांचे अरण्य’ म्हणून राखली गेली होती. त्यातल्या बहुतेक अरण्यांत झाडे नव्हतीच. हेदरचे झुडूप, पीटची दलदल आणि उघडे खडक एवढेच तिथे असे.

याची किंमत कोणी दिली, हे लुइस बेटावरील एका हिवाळी शिकारीने जगासमोर आणले. नोव्हेंबर 1887 मध्ये तिथल्या पार्क भागातील भूमिहीन, उपाशी शेतकरी शेकड्यांनी राखीव रानात घुसले. त्यांनी हरणे मारली आणि तिथेच शिजवून खाल्ली. सरकारने सैन्य पाठवले. जानेवारी 1888 मध्ये एडिंबरो इथे सहा जणांवर खटला चालला आणि ज्यूरींनी सर्वांना निर्दोष सोडले. स्कॉटलंडच्या शिकारीचा इतिहास सांगताना बाल्मोरलइतकेच महत्त्व या प्रसंगाला द्यायला हवे.

त्याच 1888 साली रमला नवा मालक मिळाला. जॉन बुलो हा लँकेशायरमधील ॲक्रिंग्टनचा कारखानदार. त्याच्या हॉवर्ड अँड बुलो या कंपनीत कापूसगिरण्यांची सूतकताई यंत्रे बनत. लँकेशायरच्या अशा यंत्रांचे एक मोठे गिऱ्हाईक म्हणजे मुंबईचा गिरणगाव. लालबाग-परळच्या साच्यांमागे जो यंत्रउद्योग उभा होता, त्याच उद्योगाच्या पैशातून हेब्रिडीजमधले एक अख्खे बेट एका कुटुंबाचे शिकारीचे रान झाले. जॉन 1891 मध्ये वारला. त्याचा मुलगा जॉर्ज याने 1897 पासून तीन वर्षांत किनलॉक कॅसल हा तांबड्या वालुकाश्माचा वाडा बांधला. बागेसाठी माती मुख्य भूमीवरून जहाजाने आणली आणि काचघरात कासवे ठेवली. जॉर्ज आणि 1903 मध्ये त्याच्याशी विवाह झालेली मोनिका यांचे बेटावरचे दिवस प्रामुख्याने शरद ऋतूतल्या शिकारीच्या हंगामापुरतेच असत. उरलेले वर्षभर चाकरमाणसे हा वाडा सांभाळत.

या शिकारीत स्त्रिया प्रेक्षक म्हणूनच असत, असा समज बरोबर नाही. ब्रेडलबेनची मार्शनेस स्वतः निष्णात शिकारी होती. ब्लॅक माउंटच्या डोंगरांतील आपल्या अनुभवांवर तिने 1907 मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. आज दुर्गम बेटांवर हिवाळ्यात शिकारीला येणाऱ्या जोडप्यांची परंपरा बुलोंसारख्या दांपत्यांपर्यंत मागे नेता येते. एक फरक मात्र मोठा आहे. जुने उमराव नरांच्या शिंगांसाठी शरदात येत. हिवाळा माद्यांचा हंगाम, आणि माद्यांची शिकार हे कष्टाचे, बिनमानाचे काम असल्याने ते बहुधा नोकरांवर सोडलेले असे.

या कामाची रीत सव्वाशे वर्षांत फारशी बदललेली नाही. डिसेंबरात उजाडायला नऊ वाजतात आणि चारच्या आत अंधार पडतो, त्यामुळे हाती सहा-सात तासच असतात. सगळा बेत वाऱ्यावर ठरतो. तांबड्या हरणाचे नाक इतके तीक्ष्ण असते की वारा शिकाऱ्याकडून कळपाकडे वाहत असेल, तर दिवस फुकट गेला म्हणून समजावे. पुढे वाटाड्या शिकारी असतो. तो दुर्बिणीने डोंगर न्याहाळतो, कोणती मादी घ्यायची ते ठरवतो, आणि पाहुणे त्याच्यामागे ओढ्याच्या पात्रातून, ओल्या पीटमधून पोटावर सरपटत जातात. निवड म्हातारी, आजारी, लंगडी किंवा त्या वर्षी पाडस नसलेली मादी अशी केली जाते. मादीसोबत पाडस असेल, तर दोघांनाही मारण्याची पद्धत आहे. ऐकायला हे क्रूर वाटते, पण आईवाचून पाडस त्या थंडीत उपासमारीने मरते, आणि जाणकार ते टाळणे हे आपले कर्तव्य मानतात. गोळी लागल्यावर जागेवरच आतडी काढतात. ती गरुड-कावळ्यांच्या वाट्याला येतात. धड दोरीने ओढत किंवा हायलँड तट्टावर लादून खाली आणतात. रमवर यासाठी तट्टांचा एक जुना कळप पाळला जात आला आहे.

जॉर्ज बुलो 1939 मध्ये वारला. 1957 मध्ये लेडी मोनिकाने बेट 23,000 पौंडांना नेचर कॉन्झर्व्हन्सी या सरकारी संस्थेला विकले. मेंढरे हलवण्यात आली, झाडे लावली जाऊ लागली आणि हरणांकडे प्रथमच अभ्यासाच्या दृष्टीने पाहिले गेले. दोनच वर्षांनी, 1959 मध्ये, स्कॉटलंडसाठी हरणांचा स्वतंत्र कायदा झाला. नरांसाठी 1 जुलै ते 20 ऑक्टोबर आणि माद्यांसाठी 21 ऑक्टोबर ते 15 फेब्रुवारी असे शिकारीचे हंगाम ठरले.

पुढची घटना विज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची. 1970 च्या दशकाच्या आरंभी बेटाच्या उत्तर भागात, किलमोरी परिसरात, शिकार पूर्ण थांबवण्यात आली आणि एकेका हरणाची ओळख ठेवून त्याच्या जन्मापासून मृत्यूपर्यंत नोंदी घेण्याचे काम सुरू झाले. टिम क्लटन-ब्रॉक, फिओना गिनेस आणि पुढे जोसेफीन पेंबर्टन यांची नावे या कामाशी जोडलेली आहेत. पहिल्या दशकातच माद्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. नर मात्र वाढले नाहीत. चारा अपुरा पडला की नर पाडसे माद्यांपेक्षा जास्त संख्येने मरतात आणि तरुण नर तो भाग सोडून जातात, हे नोंदींतून दिसले. माद्या राखल्या की शिंगांचे नर वाढतील, या भरवशावर इस्टेटींचे मालक पिढ्यान् पिढ्या वागत आले होते. किलमोरीच्या नोंदींनी तो भरवसा खोटा ठरवला. ज्या हिवाळी शिकारीला उमरावांनी हलके काम मानले, कळपाचे आणि डोंगराचे आरोग्य खरे तर तिच्यावरच अवलंबून होते.

लांडगे नाहीसे झाल्यापासून प्रौढ हरणांना स्कॉटलंडमध्ये माणसाशिवाय शत्रू उरलेला नाही. संख्या वाढली की कोवळी रोपे खाल्ली जातात आणि नवे जंगल उभेच राहत नाही. हरणांचा बंदोबस्त हा म्हणूनच आता सरकारी धोरणाचा विषय आहे. 2023 मध्ये नरांसाठीचा बंद हंगाम कायद्याने काढून टाकण्यात आला आणि नर वर्षभर मारण्यास मोकळीक मिळाली. माद्यांचा बंद हंगाम त्या बदलात तसाच ठेवला गेला, कारण उन्हाळ्याच्या आरंभी त्यांना पाडसे होतात आणि मोकाट शिकारीत ती पोरकी होऊन मेली असती.