दिनविशेष : ११ नोव्हेंबर
२००६ साली आजच्या दिवशी ठाणे जिल्ह्यातील वाशी येथून पोलिसांनी रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया यास एका मित्रासह भरदिवसा उचलून नेले, आणि पेशाने वकील असलेल्या त्याच्या बंधूने पोलीस आयुक्तांकडे तारा व फॅक्स धाडून त्याच्या जीविताविषयीची भीती वेळीच कळविली असताही, त्याच रात्री तो वर्सोव्यानजीक ‘चकमकीत’ ठार झाल्याचे जाहीर झाले. तारेवरची वेळ मात्र कोणत्याही सरकारी दप्तरास खोडता येईना. बंधूच्या याचिकेवरून दंडाधिकाऱ्यांची चौकशी व विशेष पथकाचा तपास होऊन २०१३ मध्ये २१ जणांस जन्मठेप झाली. त्या वेळी निर्दोष सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांस उच्च न्यायालयाने १९ मार्च २०२४ रोजी दोषी ठरविले. महिनाभर बेकायदा डांबलेल्या त्या मित्राचा मात्र २०११ मध्ये, साक्षीपूर्वीच, अपहरण करून खून झाला.