मानवी केसांच्या टोपाची निगा

मानवी केसांचा टोप (बोलीभाषेत विग) म्हणजे माणसाचे खरे केस जाळीच्या किंवा कापडाच्या टोपीवर गुंफून वा शिवून तयार केलेले केशावरण होय. स्त्रियांच्या वेणीत किंवा अंबाड्यात मिसळायच्या पूरक केसांस मराठीत गंगावन म्हणतात. टोप रंगभूमीवर, चित्रपटांत, तसेच आजार किंवा उपचारांमुळे केस गळालेल्या व्यक्तींकडून वापरला जातो. योग्य निगा न राखल्यास त्यात गुंता होऊन तो अल्पावधीत निरुपयोगी ठरतो.

झाडीपट्टी रंगभूमीवरील वापर

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांच्या धानपट्ट्यास झाडीपट्टी म्हणतात. धानाची कापणी झाल्यावर, दिवाळीपासून पुढे मंडई व शंकरपटांच्या निमित्ताने येथे रात्रभर नाटके चालतात. देसाईगंज (वडसा) हे नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र असून गोंदिया–बल्लारपूर रेल्वेमार्गावरील सिंदेवाही व परिसरातील गावांतही या नाटकांना मोठा प्रेक्षकवर्ग लाभतो. झाडीपट्टीतील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला. या प्रदेशातील दंडार या लोकनाट्यात स्त्रीभूमिका पुरुषच करीत आले आहेत. त्यामुळे लांब केसांचा टोप हे येथील रंगभूषेचे जुने साधन आहे. आज या गावी तर उद्या त्या गावी असा प्रवास, धूळ, दव, दिव्यांची उष्णता आणि कलावंताचा घाम यांमुळे हंगामात टोपावर मोठा ताण पडतो.

गुंता होण्याची कारणे

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. त्याच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकमेकांवर चढलेले सूक्ष्म खवले असून त्यांची टोके केसाच्या शेंड्याकडे वळलेली असतात. सर्व केस मुळापासून शेंड्यापर्यंत एकाच दिशेने लावलेले असल्यास ते एकमेकांवरून सहज घसरतात. काही केस उलटे लागले तर खवले परस्परांत अडकतात व गाठी पडतात. म्हणून दिशा जुळवलेल्या केसांचा टोप अधिक टिकाऊ व महाग असतो.

डोक्यावरील केसांना त्वचेतील ग्रंथींतून नैसर्गिक तेल मिळते; टोपाच्या केसांना ते मिळत नाही. परिणामी ते कोरडे पडून खवले उचलले जातात. मानेजवळचे केस कपड्याच्या गळ्याशी घासत असल्याने गुंता बहुधा तेथूनच सुरू होतो.

विंचरणे

टोप रुंद दातांच्या फणीने विंचरावा. प्रथम शेंडे सोडवून क्रमाक्रमाने मुळाकडे जावे. मुळापासून फणी ओढल्यास सर्व गाठी खाली एकवटतात व केस जाळीतून उपटले जातात. विंचरताना केसांची बट मुळाशी हाताने धरून ठेवावी. ओला केस फुगलेला व सहज ताणला जाणारा असतो. म्हणून ओल्या टोपावर बारीक फणी चालवू नये.

धुणे व वाळवणे

धुण्यापूर्वी टोप पूर्ण सोडवून घ्यावा. चिकटद्रव्य लावले असल्यास ते योग्य द्रावकाने आधी सैल करावे; जाळी ओढून काढू नये. कोमट पाण्यात सौम्य शाम्पू मिसळून टोप त्यात बुडवावा आणि बोटांनी वरून खाली एकाच दिशेने हात फिरवावा. चोळणे व पिळणे टाळावे. कंडिशनर केसांच्या मध्यापासून शेंड्यापर्यंतच लावावे. ते गाठींच्या मुळाशी लागल्यास केस सैल होऊन गळू लागतात. पाणी टॉवेलने टिपून टोप सावलीत, हवेशीर जागी वाळवावा. कडक उन्हाने रंग उडतो व केस ठिसूळ होतात.

साठवण

मुक्काम हलवताना लांब केसांची सैल वेणी घालून टोप मऊ सुती कापडात गुंडाळावा. मुक्कामी तो डोक्याच्या आकाराच्या ठोकळ्यावर ठेवावा. हंगाम संपल्यावर, पावसाळ्यापूर्वी, तो धुऊन पूर्ण वाळवणे आवश्यक असते. ओलसर टोपास बुरशी लागते, तर घाम व तेलाने मळलेल्या केसांकडे केराटिन खाणारी कसर आकर्षित होते.

रुग्णांसाठी विशेष दक्षता

कर्करोगावरील केमोथेरपीमुळे गळालेले केस बहुधा उपचारानंतर पुन्हा येतात. मधल्या काळात टोप हा अनेकांना समाजात वावरण्याचा आधार ठरतो. या काळात टाळू नाजूक असते व संसर्गाचा धोका वाढलेला असतो. म्हणून आत मऊ सुती टोपी घालावी, ती रोज धुवावी आणि दुसऱ्याचा टोप वापरू नये. टाळूवर जखम किंवा पुरळ असल्यास टोप घालण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. झोपताना टोप काढून ठेवल्यास टाळूला विश्रांती मिळते आणि गुंताही टळतो.

खऱ्या केसांची ओळख

टोपातील एखादा केस काढून सुरक्षितपणे जाळल्यास मानवी केसाला जळक्या पिसांसारखा वास येतो व चुरा होणारी राख उरते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी होतो. ही ओळख आवश्यक आहे, कारण केस सरळ किंवा कुरळे करण्याची तापलेली उपकरणे मानवी केसांवर मर्यादित उष्णतेत चालतात, पण सामान्य कृत्रिम धागा त्यांनी वितळतो.