कुलूप आणि उपचार

रुग्णास कोंडावें कीं मोकळें ठेवावें, हा वाद जुना आहे. १८९८ च्या कायद्यानें ब्रिटिश मुलखांत भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यास वॉरंटाविना पकडतां येई. निजामी मराठवाड्यांतील नांदेडच्या शेजारीं, डिचपल्लीस, १९१५ मध्यें डॉक्टर इझाबेल कर यांनीं रुग्णालय उघडलें. कडू कवठीच्या तेलाच्या टोचण्यांची कीर्ति ऐकून तेथें रोगी आपण होऊन येऊं लागले. उपचाराच्या आशेनें जें साधलें, त्याला शिपाई लागला नाहीं. तो कायदा मात्र २०१६ सालीं रद्द झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानें, नांदेड-लातुरांसह सर्वत्र, रुग्णास एकांतांत कोंडणें वर्ज्य केलें. बांधणें तात्काळ इजा टाळण्यापुरतेंच ठेविलें. धोका असेल तोंवर हात धरावा, सरतांच सोडावा. विश्वास गमावलेला रुग्ण दार उघडें असूनहि परत येत नाहीं.