लवंगी आणि कॉर्नेट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गात लवंगी उडवणाऱ्या एका पोराला मी दिवसभर बाहेर उभे केले. पुढे कॉर्नेट या वाद्याचा इतिहास वाचताना त्या शिक्षेची मला लाज वाटली.

वाचकहो, कॉर्नेट म्हणजे ट्रंपेटचे आखूड, गोड गळ्याचे भावंड. हे वाद्य एकट्याने मैफल जिंकू शकते, हे फ्रान्सच्या आर्बाँने दाखवून दिले. आपली सारी विद्या त्याने १८६४ साली एका जाडजूड ग्रंथात उतरवली. १८८९ साली तो गेला. ग्रंथ मात्र अजून शिकवतोच आहे.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या बडी बोल्डनचे नशीब निराळे. जॅझ संगीताच्या पहाटे त्याच्या कॉर्नेटने ते शहर गाजवले. १९०७ साली मन ढळले म्हणून त्याला इस्पितळात ठेवले. १९३१ साली तो तिथेच वारला. त्याची एकही तबकडी हाती लागलेली नाही. उरल्या त्या ऐकणाऱ्यांच्या आठवणी.

त्याच शहरात ३१ डिसेंबर १९१२ च्या रात्री नववर्षाच्या उल्हासात एका गरीब पोराने पिस्तूल उडवले. रवानगी झाली सुधारगृहात. तिथल्या डेव्हिस मास्तरांनी आधी त्याला दूरच ठेवले. मग कॉर्नेट हाती दिले. ते पोर म्हणजे लुई आर्मस्ट्राँग! १९२३ पासूनच्या त्याच्या तबकड्या अजून वाजताहेत.

कॉर्नेट एकट्याने वाजवता येते खरे, पण ते हाती देणारा कुणीतरी लागतो. यंदा लवंगी उडाली, तर त्या पोराला मी आत बोलावीन. माझ्याजवळ कॉर्नेट नाही. शाळेच्या लेझीम पथकाचा ढोल आहे.