ताठलेले पाय आणि लाखोळीची डाळ

माझे आजोळ भंडाऱ्याकडचे. तिकडे धान कापायच्या आधीच बांधीतल्या ओलीवर, उभ्या पिकात लाखोळी फेकून देत. नांगरणी नाही, पाणी नाही, खत नाही. धान घरी आले की मागे हिरवीगार लाखोळी उभी! आजी तिची डाळ गरम पाण्यात भिजत घाली, ते पाणी ओतून देई आणि मगच वडे करायला घेई. पाणी का फेकतेस, असे विचारले की म्हणे, "पाय धरते, बाप्पा."

हे पाय धरणे म्हणजे काय, ते मला पुष्कळ उशिरा कळले. वैद्यकात या आजाराला 'लॅथिरिझम' म्हणतात. हे नाव १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी या डॉक्टरांनी दिले. पण आपल्याला अभिमान वाटावा, किंवा वाईट वाटावे म्हणा, अशी गोष्ट वेगळीच आहे. या आजारावरचा एक महत्त्वाचा अहवाल आपल्या नागपुरात १९०४ मध्ये छापला गेला. लेखक डॉ. अँड्र्यू बुकॅनन. विषय, १८९६ ते १९०२ या काळातला मध्य प्रांतातला लॅथिरिझम.

ही वर्षे नीट पाहा. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ १८९९-१९०० चा, दोन्ही या सात वर्षांतच येतात. पाऊस गेला, गहू गेला, धान गेले. उरली ती कशालाही दाद न देणारी लाखोळी.

त्याआधी सत्तर वर्षे सागर भागात हेच घडले होते. ठगांच्या बंदोबस्तामुळे आपल्याला ठाऊक असलेले स्लीमनसाहेब यांनी ते लिहून ठेवले आहे. १८२९ मध्ये गारपीट, १८३० मध्ये अपुरा पाऊस, १८३१ मध्ये गव्हावर तांबेरा. गव्हात आपोआप उगवणारी तिवडा, म्हणजे आपली लाखोळीच, तेवढी तरली. लोक तिच्यावर जगले. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे कमरेखाली अधू होऊ लागली. एका गावातली निम्मी तरुण पोरे दोन वर्षांत अशी झाली.

पाहणाऱ्याला वाटते, आजार स्नायूंचा आहे. पोटऱ्या दगडासारख्या ताठतात, टाचा उचलल्या जातात, चालताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येतात. पण बिघाड असतो मेंदूतून मज्जारज्जूत हुकूम पोहोचवणाऱ्या मज्जातंतूंत. डॉक्टर पायऱ्या सांगतात त्याही काठीच्या हिशेबाने: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा आणि शेवटी हातांवर सरपटणारा. डोके शाबूत, हात शाबूत. गेलेले पाय मात्र परत येत नाहीत.

विष नेमके कोणते, हे कळायला १९६४ साल उजाडले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी ते बियांतून वेगळे काढले. ते पाण्यात विरघळते. माझ्या आजीने रसायनशास्त्र शिकले नव्हते, पण ओतून द्यायचे पाणी तिला बरोबर ठाऊक होते.

या शोधाच्या तीन वर्षे आधी, १९६१ मध्ये, लाखोळीच्या विक्रीवर बंदी आली होती. काही राज्यांनी ती अमलात आणलीच नाही, महाराष्ट्राने आणली. इथे माझा थोडा वाद आहे. चार दिवसांनी एकदा वडे खाणारा माणूस अधू होत नाही. दोन-तीन महिने रोजच्या जेवणाचा मोठा वाटा लाखोळीचाच असेल, तेव्हा पाय जातात. आणि अशी वेळ कोणावर येते? ज्याच्या घरात दुसरे धान्यच नाही त्याच्यावर. मजुरी म्हणून लाखोळीच मापून घेणाऱ्या सालदाराला हे धान्य वाईट आहे म्हणून सांगायचे, तर त्याने खायचे तरी काय? बंदीने त्याच्या ताटात तूर आली नाही.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षे भांडले, उपोषणालाही बसले. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील अर्जुन खांडरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंदिया जिल्ह्यात पाहणी केली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. लाखोळी पेरणे आणि खाणे दोन्ही कमी झालेले, आजार अगदी विरळ. आणि पुष्कळ घरांत डाळ अजूनही गरम पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊनच शिजवली जात होती.